अप्पांच्या हाताची जाहिरात

आमचं कापडाचं दुकान हुबळीच्या बाजारात, घर धारवाडला सप्तापुरात. अप्पा रोज बसनं जाऊन येत. संध्याकाळी मी कॉलेजात शिकवून आले की आईजवळ बसून टीव्हीवर स्वयंपाकाचे कन्नड व्हिडिओ बघायची. मधे साड्यांच्या, मसाल्यांच्या जाहिराती यायच्या.

मग एक वेगळीच जाहिरात यायला लागली. पांढऱ्या कोटातला डॉक्टर कन्नडात विचारायचा, हात थरथरतो का, शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो का. आई रिमोट दाबून ती घालवायची. मला वाटलं, सगळ्यांकडेच येत असेल. कॉलेजातल्या मैत्रिणीला सहज विचारलं, तर तिच्याकडे नुसत्या फ्लॅटच्या जाहिराती. ती आणि तिचा नवरा घर शोधत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं, जो फोनवर जे शोधतो त्याच्याच जाहिराती त्याला येतात. आमच्या टीव्हीला मीच अप्पांच्या फोनचं खातं जोडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. अप्पा गल्ल्यावर बसले होते आणि कापड आमचे जुने नोकर कापत होते. कात्री अप्पा कधी कुणाच्या हातात देत नसत. गिऱ्हाईक गेल्यावर मी हळूच हाताबद्दल विचारलं. त्यांनी गल्ला बंद केला.

"मी कुणालाच सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "फक्त फोनला विचारलं होतं."

मला रडू आलं नाही. काहीच वाटलं नाही. त्यांचा फोन घेतला, त्यांनी शोधलेलं सगळं पुसलं, जाहिराती अडवणारं ॲप टाकलं. घरी येऊन टीव्हीला आईचं नवं खातं जोडलं. आईला एवढ्यात सांगू नकोस, असं ते म्हणाले होते. मी बरं म्हटलं होतं.

पुढच्या आठवड्यात दोघं डॉक्टरांकडे गेलो. कंपवात आहे म्हणाले. रात्री जेवताना अप्पांनी स्वतःच आईला सांगितलं. आईनं त्यांच्या पानात भात वाढला आणि पुढच्या खेपेला मीही येणार, एवढंच म्हणाली.

गोळ्या चालू आहेत. अप्पा दुकानात उशिरा जातात, लवकर येतात. त्या आजाराबद्दल मी आता कॉलेजच्या कॉम्प्युटरवर वाचते, स्वतःच्या खात्यात न शिरता. पानं वाचून होतात, तास असला की उठून वर्गावर जाते.