चांगदेवचं सोन्याचं मांजर

दिघीच्या कोळीवाड्यात चांगदेवसारखं जाळं सांधणारा दुसरा नव्हता, आणि चांगदेवइतका तोंडाचा कडू माणूसही दुसरा नव्हता. लहानपणी होडी ओढताना डावा पाय तिच्याखाली आला, तेव्हापासून दर्याचं नि त्याचं फाटलं. दर्यावर न जाणाऱ्या कोळ्याला वाड्यात घरजावयाइतकाच मान. लग्न जमलं नाही. आई होती तोवर तो तिच्याशी भांडायचा, ती गेल्यावर जाळ्यांशी. मोठं भोक दिसलं की आधी जाळ्याच्या धन्याला शिव्या, मग हातात सुई.

पावसाळ्यात होड्या शाकारून किनाऱ्यावर ठेवल्या की सगळ्या वाड्याची जाळी त्याच्या माळ्यावर चढत. जाळी सणाची, मासळीच्या वासानं मुरलेली. उंदरांची तिथे दिवाळीच असे. अशाच एका पावसाळ्यात एक करडी मांजरी माळ्यावर येऊन बसली आणि तिनं उंदरांची दाणादाण उडवली. चांगदेवनं पहिल्या दिवशी तिला हाकललं, दुसऱ्या दिवशी बोंबलाचं डोकं टाकलं, आणि आठवडा गेला नाही तोच ‘बाय’ म्हणून हाक मारली, आया लेकीला मारतात तशी. त्या तोंडातून गोड शब्द निघतोय, हे ऐकायला शेजारणी कुडाला कान लावत आणि पदर तोंडात कोंबून हसत. हसू देत बापड्या. तो सुई चालवी, ती त्याच्या आखडलेल्या पायाला टेकून झोपे, आणि त्या घरात तीन वर्षं भांडण म्हणून झालं नाही.

इंग्रजी मुलखात मिठावरून माणसं तुरुंगात जात होती, त्या सालचा आषाढ. बाय पोटुशी होती. सकाळपासून ती सुतळीच्या टोपलीत कण्हत होती, कळा देत होती, आणि पिल्लू काही सुटत नव्हतं. दुपारी चांगदेवनं वाकून पाहिलं तर एक इवलासा पाय बाहेर आलेला आणि तिथेच अडकलेला. तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. चांगदेव तसाच पावसात लंगडत नीराबाईच्या दारात गेला.

नीराबाई वाड्याची सुईण. निम्मा वाडा तिच्या हातावर जन्मलेला. पण मांजराचं नाव काढताच तिनं दोन्ही हात पदरात घेतले.

“मना हात लावाया सांगू नको, चांगदेवा. हाताखाली मेली तर पाप फेडाया काशीला सोन्याचं मांजर मी कुठनं देऊ?”

“मग मी लावतो. तू निस्तं सांग.”

ती आली, पण उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. तिथून ती सांगत होती आणि आत चांगदेव करत होता. आधी खोबरेल बोटाला चोपडलं. दुसरा पाय आत मुडपलेला होता, तो बोटानं चाचपून हळूहळू सरळ केला. जाळ्याच्या बारीक भोकांत सरावलेली ती बोटं होती. “वढू नको रं,” नीराबाई ओरडे, “कळ येऊ दे, कळंबरोबर वढ!” कळ आली, त्यानं ओढलं, आणि पिल्लू हातात आलं ते मेलेलंच. पाठोपाठ दोन आली, ती जिवंत होती. चांगदेव हसला. तो हसला, असं नीराबाईनंच पुढे सांगितलं.

मग रक्त सुरू झालं आणि थांबेना. बायनं एका पिल्लाला चाटायला घेतलं होतं. चाटता चाटता तिची जीभ संथ झाली, आणि दिवेलागणीच्या आत ती त्याच्या पायावर डोकं ठेवून गेली. पिल्लांना त्यानं कापसाच्या वातीनं शेळीचं दूध पाजलं, पोटाशी धरून ऊब दिली. तीही एकामागून एक गेली.

वाडा आधी हळहळला, मग घाबरला. पंच बसले. विठोबा नाखवा चार होड्यांचा धनी, माणूस दुष्ट नव्हे. पण दुसऱ्यांची पोरं दर्यावर पाठवणाऱ्याला भीती बाळगावीच लागते.

“चांगदेवा, तुज्या हाताखाली जीव गेला. तोच हात जाळ्याला लागनार. काय करावं आमी?”

नीराबाईला विचारलं. “हात त्यानंच घातला,” ती म्हणाली आणि खाली बघत बसली. खोटं काही ती बोलली नाही. उंबऱ्यावरून कोण सांगत होतं, ते चांगदेवनं बोलायचं, तर गावभर शिव्या देणाऱ्या त्या माणसानं तिचं नाव काढलं नाही.

ठरलं ते असं: काशी लांब, तर खाडीपलीकडे आगरदांड्याच्या भटाला सोन्याचं मांजर दान द्यायचं, नारळी पुनवेच्या आत. नाही दिलं, तर त्याच्या माळ्यावर पुन्हा जाळं चढणार नाही.

घरात सोनं म्हणजे आईची नथ. ती घेऊन तो तरीच्या होडीनं खाडीपलीकडे रघू सोनाराकडे गेला. चिंचोक्याएवढं मांजर होईल, रघू म्हणाला.

“डावा कान फाटका कर. बोक्यानं फाडलेला तिचा.”

“खंडित मूर्त दानाला चालत न्हाय, दादा.”

पुनवेच्या आदल्या दिवशी मांजर तयार झालं. रघूचा हात चांगला. पाठीची पोक, पायाशी गुंडाळलेलं शेपूट, सगळं तिचं होतं. फक्त कान दोन्ही धड होते. भटाच्या घराकडे जाताना चांगदेव एका वडाखाली बसला आणि कितीतरी वेळ तळहाताकडे बघत राहिला. दान तिच्या नावाचं, मग ते तिचं म्हणून देवाला ओळखायला नको? भाबडं म्हणा, वेडं म्हणा. त्याला ते सरळ वाटलं. कमरेची सुरी काढून त्यानं डाव्या कानाला चीर पाडली.

भटानं संकल्प सोडायला पळी हातात घेतली, मांजर पाहिलं आणि पळी खाली ठेवली. “हे खंडित आहे. कान भरून आण, संध्याकाळपर्यंत थांबतो मी.” आवाजात राग नव्हता.

चांगदेव परत रघूच्या दुकानात आला. रघूनं शेगडी फुंकली, निखारे लाल झाले. त्यानं चिमट्यात मांजर धरलं आणि निखाऱ्याकडे नेलं. तेवढ्यात चांगदेवनं त्याचं मनगट पकडलं.

“राहू दे.”

“अरं, एका कानाचं काम हाय!”

“राहू दे म्हनतो ना.”

तरीतून उतरला तेव्हा विठोबा नाखवा धक्क्यावरच उभा होता. “दिलं?”

‘दिलं’ म्हटलं असतं तर पलीकडे जाऊन कोण विचारणार होतं? चांगदेवनं मूठ उघडली.

“न्हाय दिलं. ही बाय हाय. कान भरला तर कुनाचंबी मांजर व्हईल. माज्या दारात माज्यासाठी येऊन बसलेलं येवढं एकच जितराब, नाखवा. त्येला मी दुसऱ्यांदा न्हाय मारनार.”

नाखव्याचे डोळे भरले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची माणसं आली आणि माळ्यावरची जाळी उतरवून घेऊन गेली. त्यांवर गोमूत्र शिंपडलं, नारळ वाढवला आणि होड्या निघाल्या. चांगदेवच्या हातात जाळं पुन्हा आलं नाही. पुढे तो गुरांची दावी वळून जगला. वरच्या गावांतले भातकरी कुणबी ती घेऊन जात. त्यांना मांजराचं काही ठाऊक नव्हतं. नीराबाई कधीमधी भाकरी ठेवून जाई, बोलत मात्र नसे.

दर वर्षी नारळी पुनवेला सगळा वाडा वाजतगाजत धक्क्यावर जाई. चांगदेव दार लावून घेई, ते चिंचोक्याएवढं मांजर मुठीत धरी आणि मोठमोठ्यानं रडे. वर्षातून तेवढ्याच दिवशी त्याला तसं रडता येई, कारण कुडाला कान लावायला वाड्यात कोणी उरलेलं नसे.