हौसाबाईचं परंतुक

मिठबावच्या हौसाबाईला गप्प बसवणं तिच्या सासूला जमलं नाही, नवऱ्याला जमलं नाही आणि समुद्रालाही नाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं, ओढताना चाळीस माणसांचा एकच गलका चाललेला असे, त्यातूनही तिचा आवाज वेगळा काढता यायचा. मासळी वाळूवर पडली की आपला वाटा ती पाटीत भरी, वर ओलं फडकं घाली आणि मिळेल त्या गाडीने जामसंडं गाठी. तिथे घरोघर फिरून मासळी विकायची, हा तिचा लग्नापासूनचा धंदा. कोण सोमवार पाळतो, कुणाचा मुलगा मुंबईहून आलाय म्हणून आज सुरमई लागणार, कुठल्या आजोबांच्या घशात काटा अडकतो, सगळं तिला तोंडपाठ. पाटी रिकामी व्हायला उशीर लागायचा तो मासळीमुळे नव्हे, गजालींमुळे, म्हणजे गप्पांमुळे.

शेवटचं घर रसिकाबाईंचं. रसिकाबाई हायस्कुलात इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्या दोघींचा भाव करण्याचा कार्यक्रम रोजचा, आणि दोघींनाही तो मासळीइतकाच प्रिय.

एका सकाळी मात्र बाईंनी भाव केलाच नाही. पेपर मांडीवर घेऊन त्या पायरीवर बसल्या होत्या.

"हौसाबाय, वायच बस. तुझ्याबद्दल छापून इला हा."

"माझ्याबद्दल? फोटो आसा?"

"फोटो नाय. कायदो येता हा."

विधानसभेत मासळी विक्रीचं एक विधेयक मांडलं गेलं होतं. ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं होतं आणि समितीने लोकांकडून सूचना मागवल्या होत्या. बाईंनी मोबाईलवर अख्खं विधेयक उघडलं आणि चष्मा सावरून एक कलम मोठ्याने वाचलं. "परवानाप्राप्त मासळी बाजाराच्या आवाराबाहेर कोणतीही व्यक्ती मासळीची विक्री करणार नाही."

हौसाबाईने ते पुन्हा वाचायला लावलं.

"म्हंजे तुझ्या पायरेर बसान मी पेडवे इकले, तर?"

"गुन्हो."

"आणि तू घेतलंस तर?"

"तेचा काय लिवलेला नाय."

"वा गो बाय! म्हंजे चोर मी एकटीच!" हौसाबाई उठून उभी राहिली. "शिरा पडो तेच्या कायद्यार! फाडून टाक तो!"

"अगो, तो अजून कायदो झालोच नाय. विधेयक म्हंजे चुलीवरची कढी. उतरूक नाय अजून. मीठ-आमसूल घालूक वेळ आसा."

मग बाई जरा ओशाळून हसल्या. 'विधेयकाचे कायद्यात रूपांतर कसे होते?' हा प्रश्न त्यांनी वर्षानुवर्षं परीक्षेत घातला होता. चार गुण. मुलं घोकून लिहायची, बाई खुणा करायच्या. पण खरंखुरं विधेयक त्यांनीही आज पहिल्यांदाच वाचलं होतं. त्यांच्या डोळ्यांत अशी काही चमक आली होती की हौसाबाईला वाटलं, हिला आता कायद्यापेक्षा कढीतच जास्त रस आहे.

हौसाबाई मिठबावला परतली ती वाटेत भेटेल त्याला सांगतच. संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाडीत झालं की विधेयक पाडायचं. फक्त कृष्णाबाईने त्यात हो मिळवला नाही.

कृष्णाबाई ही हौसाबाईची लहानपणची मैत्रीण. दोघी एकाच गावच्या, एकाच गावात दिलेल्या. ती घरोघर फिरत नसे. तालुक्याच्या बाजारात, रस्त्याच्या कडेला, प्लास्टिकच्या तुकड्याखाली तिची जागा होती.

"तू ह्या विधेयक सगळा वाचलंस?" तिने विचारलं.

"वाचूक कित्याक व्हया? बाईनी वाचून दाखवल्यानी."

"माका माझ्या सुनेन दाखवल्यान. तेच्यात लिवला हा, बाजाराक छप्पर व्हया, पाणी व्हया, बर्फ व्हयो. बायकांसाठी संडास व्हयो. तू ता पाडतलंस?"

"माझो धंदो जाता हा, कृष्णा!"

"आणि माझा काय? तू फिरतंस, धा घरां तुका वळाखतत, खंयय जातंस. मी सकाळी बसलंय की दुपारपर्यंत उठूक गावना नाय. पाणी पिऊक भियातंय मी, हौसा."

हौसाबाईने आवाज चढवला. कृष्णाबाईनेही चढवला. दोघींचं बोलणं तुटलं आणि वाडीतल्या बायका दोन बाजूंना झाल्या.

हौसाबाईला त्या भांडणाने झोप लागेना असं काही नाही, ती पडल्या पडल्या घोरणारी बाई होती. पण पाटी घेऊन जाताना एक वाक्य तिच्या मागे मागे चालू लागलं. 'पाणी पिऊक भियातंय.' इतकी वर्षं ती कृष्णाच्या जागेवर हसायला, चहा प्यायला, मासळीचा दर विचारायला थांबली होती. हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

एके दिवशी जामसंड्याला न जाता ती सरळ बाजारात उतरली आणि कृष्णाबाईच्या शेजारी आपली पाटी मांडून बसली. कृष्णाबाईने मान वळवली. ऊन चढलं. प्लास्टिकची सावली सरकत सरकत दुसऱ्याच्याच डोक्यावर गेली. समोरून गाड्या धूळ उडवत जात होत्या. दहाच्या सुमाराला हौसाबाईने बाटली तोंडाला लावली आणि अर्ध्यावर थांबवली. आजूबाजूला पाहिलं. कुठे झाड नाही, आडोसा नाही. तिने बाटली पुन्हा बंद केली.

कृष्णाबाई हे तिरक्या नजरेने बघत होती.

"काय झाला?" तिने विचारलं.

"काय नाय."

"पी पी. मगे सांगतंय तुका खंय जावचा ता. हॉटेलवाल्याच्या पायां पडूचा लागता."

दोघी एकमेकींकडे पाहून खो खो हसल्या. समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं, आपल्या टकलावर हसतायत.

दुसऱ्या दिवशी हौसाबाई रसिकाबाईंच्या पायरीवर. "बाई, विधेयक पाडूचा नाय. चांगला आसा ता. एक वाक्य तेवढा वाकडा आसा, ता सरळ करूया."

बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी तिला चहाबरोबर लाडूही दिला. त्यांनी दोन पानांची सूचना लिहिली. बाजाराची कलमं वर्षभरात अमलात आणा, मिठबावला शीतगृह द्या, आणि घरोघर पाटी घेऊन जाणाऱ्या बायकांना सूट द्या. खाली मिठबावच्या कोळणींच्या सह्या आणि जामसंड्याच्या गिऱ्हाइकांच्याही. घशात काटा अडकणाऱ्या आजोबांनी तर सहीखाली लिहून ठेवलं, 'मला बाजारात जाता येत नाही, हौसाबाईला येऊ द्या.' इथले आमदार एका पूजेला आले असताना दोघींनी त्यांना गाठलं. ते म्हणाले, समिती दौऱ्यावर सिंधुदुर्गनगरीला येतेय, तुमचं नाव साक्षीला घालायला सांगतो. आणि त्यांनी खरंच सांगितलं.

ठरल्या दिवशी गाडी करून सगळ्या निघाल्या. वाटेत कसालला चहा-भजी झाली. हौसाबाईने भाषण पाठ केलं होतं, शुद्ध मराठीत. भज्याचा घास तोंडात ठेवून ती म्हणत होती, "सन्माननीय अध्यक्ष महोदय, आम्ही किनारपट्टीवरील महिला..." टपरीवाल्याने तिला निवडणुकीला उभी राहिलेली समजून भजी जास्त वाढली.

सभागृह थंडगार. लांब टेबलामागे समितीचे सदस्य, पुढे माईक. हौसाबाईचं नाव पुकारलं. तिने माईक मासा धरावा तसा घट्ट धरला आणि "सन्माननीय" म्हणाली. तिच्या आवाजाने माईक असा किंचाळला की दोन सदस्यांनी कानावर हात ठेवले.

अध्यक्ष हसून म्हणाले, "बाई, तुमच्यासाठी माईक बंदच ठेवू या. सगळ्यांना ऐकू येतंय."

सभागृह हसलं, हौसाबाई हसली, आणि त्या हसण्यात पाठ केलेलं भाषण पार विरघळून गेलं. काही आठवेना. मग ती आपली बोलू लागली, अर्धं शुद्ध मराठी, अर्धं मालवणी. बाजारातला आपला दिवस सांगितला. प्लास्टिकची सावली सांगितली. बाटली सांगितली. तेव्हा समितीतल्या एका महिला सदस्याने पेन उचललं आणि भराभर लिहून घेतलं. मग हौसाबाई आपल्या वाक्यावर आली.

"बाजार करा साहेब, लवकर करा. पण माझी जामसंड्याची म्हातारी माणसं बाजारात कशी येणार? त्यांची मुलं मुंबईला. मी नाही गेले तर त्यांच्या ताटात पेडवे नाहीत."

विदर्भातले एक आमदार पुढे झुकले. "बाई, तुमचं पटतं. पण हे कलम कशासाठी आलं ते ऐका. शिळी मासळी गाडीत घालून 'ताजी ताजी' म्हणत गल्लोगल्ली विकतात, लोक आजारी पडतात. उद्या त्याच माणसाने गाडी कोपऱ्यावर लावून डोक्यावर पाटी घेतली, तर तुमच्यात आणि त्याच्यात फरक कसा करायचा?"

प्रश्न रास्त होता. हौसाबाईने रसिकाबाईंकडे पाहिलं. बाई आपल्या कागदाकडे पाहत होत्या, पण कागदावर ते नव्हतं.

मागच्या खुर्चीवरून कृष्णाबाई उठली. तिचं नाव साक्षीला नव्हतंच.

"साहेब, मी बोलू?"

अध्यक्षांनी मान हलवली.

"आमची मच्छीमार सोसायटी आहे. ती आम्हाला नावाने ओळखते, घराने ओळखते. सोसायटीने कार्ड द्यावं. हिच्याकडे कार्ड असेल, त्या गाडीवाल्याला कोण देतलो?"

"हे लिहून घ्या," अध्यक्ष शेजारच्या अधिकाऱ्याला म्हणाले.

विदर्भातले आमदार खूश झाले. शेवटी त्यांनी विचारलं, "मघाशी तुम्ही पेडवे म्हणालात, ते काय असतं?" हौसाबाईने हाताने माप दाखवलं, तिखट-मीठ कसं लावायचं ते सांगितलं, रव्यात घोळवायला घेतलं, तेवढ्यात अध्यक्षांनी पुढचं नाव पुकारलं.

मग समितीच्या अहवालाची वाट बघणं आलं. बस कधी येईल विचारावं तसं हौसाबाई रोज पायरीवर विचारी, "इला काय?" आणि बाई मोबाईल बघून म्हणत, "नाय गो." पावसाळा सरला, रापणी पुन्हा सुरू झाल्या. एका सकाळी हौसाबाई गेटाशी पोचते न पोचते तोच बाई पदर खोचून पळत बाहेर आल्या. "परंतुक! हौसाबाय, परंतुक घातल्यानी!"

"काय घातल्यानी?"

बाईंनी वाचलं. "परंतु, मच्छीमार सहकारी संस्थेने ओळखपत्र दिलेल्या आणि स्वतः पाटी वाहून घरोघर मासळी विकणाऱ्या व्यक्तीस या कलमातील कोणतीही गोष्ट लागू होणार नाही." मग म्हणाल्या, "कायद्यान 'नाय' म्हटल्यार, 'परंतु हौसाबायक व्हय', असा. तेका परंतुक म्हणतत."

हौसाबाईने पाटी खाली ठेवली आणि बाईंना मिठी मारली. बाईंच्या धुतल्या साडीला दिवसभर बांगड्यांचा वास येत होता आणि त्यांनी ती बदलली नाही.

सगळंच काही मिळालं नव्हतं. मिठबावला शीतगृह मागितलं होतं, त्याचा उल्लेखही नव्हता. बाजाराच्या सोयींना एक वर्षाची मुदत मागितली होती, समितीने तीन वर्षं लिहिली होती. "तीन वर्सां!" कृष्णाबाई म्हणाली. "बघतंय मी कशी तीन लावतत ती." आणि ती दर महिन्याला नगरपंचायतीत जाऊन बसायला लागली.

विधेयक सभागृहात यायचं त्या दिवशी रसिकाबाईंच्या पडवीत बायकांची दाटी. टीव्हीवर कामकाज चालू होतं. दुपारभर दुसरेच विषय. दोघीजणी पेंगल्या. आणि एकदम बाई ओरडल्या, "आपला! आपला इला!"

पीठासनावरून आवाज आला. अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे.

आता, गावात देवासमोर गाऱ्हाणं घालताना मानकरी मागणं मागतो आणि बाकीच्यांनी एकसुरात होकार द्यायचा असतो. ती सवय हाडीमाशी भिनलेली. सभागृहातून 'होय' उमटायच्या आधीच जामसंड्याच्या पडवीत वीस बायका एका आवाजात गरजल्या, "व्हय म्हाराजा!"

शेजारच्या घरातले लोक धावत आले. टीव्हीवर तोवर पुढचा विषय सुरू झाला होता.

"झाला?" हौसाबाई म्हणाली. "इतक्यात? इतक्या म्हयन्यांच्या कढयेक एकच उकळी?"

"एकच," रसिकाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या. कृष्णाबाईने त्याच दमात उभं राहून खरोखरचं गाऱ्हाणं घातलं. समितीतल्या त्या लिहून घेणाऱ्या बाईला सुखी ठेव, विदर्भातल्या आमदाराच्या ताटात एकदा तरी पेडवो पडू दे, शीतगृह पुढच्या खेपेक दी. प्रत्येक मागण्याला पडवी हादरत होती.

पुढे विधान परिषदेची आणि राज्यपालांची संमतीही झाली, आणि हौसाबाईच्या गळ्यात आता सोसायटीचं कार्ड असतं. ते ती दाखवत नाही, ते आपोआप दिसतं. आणि तिच्या गजालींना नवा विषय मिळालाय. परवा पाटी घेऊन ती रिक्षात बसत होती, तर आंबेवाला महादू धापा टाकत आला.

"हौसाबाय, थांब! कलमांचा कायतरी मुंबैत चालला हा म्हणतत. तुका म्हायत आसा?"

"खंयची कलमां?" हौसाबाईने विचारलं. "बागेतली काय विधेयकातली?"

महादू गोंधळला. "दोनय!"

"मगे चढ रिक्षात," ती पाटी मांडीवर घेत सरकली. "बाई घरी आसत. जाता जाता सांग, तुझा नेमका काय म्हणणा ता. उगीच 'पाडा' म्हणा नको."