अल्ताफची गाडी

कडेगावात गाड्यांना झोपवणारा माणूस म्हणजे आमचे मिस्त्रीचाचा. रजा संपवून युनिटला परतणारे आम्ही फौजी आधी त्यांच्या गॅरेजवर जायचो आणि मग देवाच्या पाया पडायला. आमच्या मोटारसायकली महिनोन् महिने घरी उभ्या असायच्या. पण चाचांनी बंद केलेली गाडी पुढच्या रजेला दुसऱ्या किकला हमखास सुरू व्हायची.

रीत ठरलेली. टाकी गळ्यापर्यंत भरायची, म्हणजे आत गंज धरत नाही. मग पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन तसंच चालू ठेवायचं. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपलं की गाडी आचके देत आपोआप गप्प होते. कुणी घाईनं चावी फिरवली की चाचा उखडायचे. "आरं, आत थेंब ऱ्हायला तर त्येचा डिंक हुतोय. मग येशील बोंबलत!" उखडले तरी चहा पाजल्याशिवाय सोडायचे नाहीत.

त्यांचा मुलगा अल्ताफ मालवाहू जहाजावर कामाला होता. त्याचीही गाडी चाचाच झोपवायचे. गेल्या वर्षी ते जहाज बुडालं. बाकीचे सापडले, अल्ताफ नाही. शोध थांबवल्याचं कळलं, त्या दिवशी चाचांनी त्याची गाडी उठवली आणि मग ते ती रोज सुरू करू लागले. गॅरेज बंद, जेवणाची शुद्ध नाही. नातेवाइकांनी जनाज्याच्या नमाजचा विषय काढला की चाचा किक मारायचे, म्हणजे पुढचं ऐकायला नको.

यंदा रजेवर आल्यावर चाचांच्या घरी गेलो, तर चाचींनी मला दारातच गाठलं. "बाबा, तुझं ऐकत्यात ते. येवढी गाडी तरी बंद करायला लाव. मला बी एकदा रडू दे की रं."

मी कसंबसं म्हणालो, "चाचा, अल्ताफची गाडी बंद करूया आता."

वाटलं, हातातला पाना फेकून मारतील. पण त्यांनी मुकाट्यानं गाडी सुरू केली आणि वाकून कॉक बंद केला. आम्ही तिघं बघत उभे राहिलो. इंजिनाचा आवाज खाली-वर होऊ लागला. गाडीनं पहिला आचका दिला आणि चाचांनी झटकन कॉक परत उघडला.

"न्हाई रं गड्या, न्हाई जमत. पोरगं स्टँडवरनं फोन करंल, 'अब्बा, गाडी घिऊन या' म्हनंल. तवा मी काय सांगू त्येला?"

गाडी पुन्हा एकसारखी चालू लागली. चाची उंबऱ्यावर बसल्या. त्यांना रडताही येईना, आणि मला चावीला हात लावायचा धीर होईना.