दीड तासाचं माहेर

पनवेल स्टेशनबाहेर खारघरच्या बसची वाट बघत एक म्हातारा माझ्याशेजारी बसला होता, पन्नीतला तंबाखू-सुपारीचा खर्रा तळहातावर घोटत. गडचिरोलीच्या जंगलातल्या गावाहून लेकीकडे निघाला होता.

खर्रा गालात सारत म्हणाला, "लग्न ठरवताना पाहुणे म्हणाले होते, माहेर जवळच आहे, विमानानं दीड तास."

तो स्वतः परवा निघाला होता, ट्रॅक्टर, एसटी आणि रेल्वे करत. जावई तर लग्नानंतर एकदाही तिकडे फिरकला नव्हता.

"म्हणजे फसवलंच तुम्हाला," मी म्हणालो.

तेवढ्यात डोक्यावरून एक विमान गेलं. म्हाताऱ्यानं त्या दिशेला सावकाश एक पिचकारी मारली.

"खोटं नाही बोलले जी. दीड तासातच जाते ते. आमच्या गावी थांबत नाही फक्त."