गाऱ्हाण्यातला पाय

आमच्या गावच्या देवळात वर्षातून एकदा गाऱ्हाणं घातलं जाई. ऊसकापणी संपल्यानंतरचा पहिला रविवार, सकाळी दहा वाजता. गाऱ्हाणं घालण्याचा मान माझ्या मामांचा. देवापुढे उभे राहून ते गावाच्या तक्रारी सांगत, त्या दूर झाल्या तर देवाला काय देऊ तेही सांगत, आणि प्रत्येक वाक्याला मागे बसलेले सगळे "व्हय महाराजा" म्हणत. आम्हा तरुणांना मराठी समजायची बरी, बोलताना मात्र दोन वाक्यांत आमच्या बेटावरच्या क्रिओल बोलीवर घसरायचो. पण "व्हय महाराजा" सगळ्यांना तोंडपाठ. गाऱ्हाण्यात कोणाचं नाव घ्यायचं नाही, असा नियम. माणूस कोण ते देवाला ठाऊक असतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी अठ्ठावीस वर्षांचा, मोका इथल्या एका कचेरीत कारकून. दिसेल ते मोजायची खोड मला लहानपणापासून. त्या रविवारी मामांना धरून एकतीस माणसं होती आणि गाऱ्हाण्याची वाक्यं अकरा झाली. त्यातलं सातवं असं:

"जो कोण देवळाच्या पाटाचं पाणी आपल्या भाजीकडं वळवतो, त्याचा पाय मोड, महाराजा, आणि तुझा तांबडा कोंबडा घे."

"व्हय महाराजा," आम्ही म्हणालो.

भाजी कोणाची, हे सगळ्यांना माहीत होतं. मामांच्या शेजाऱ्याची वांगी पाटापासून चौदा पावलांवर होती आणि बाकीच्यांची सुकली तेव्हाही ती तरारलेली होती. पण आजवर मामांनी देवाकडे मागितलेलं असं काही कधी झालेलं नव्हतं, त्यामुळे प्रसाद खाऊन आम्ही घरी गेलो.

गुरुवारी दुपारी मामींच्या चुलतभावाने शेजाऱ्याला पायवाटेवर गाठलं आणि बांबूने त्याची नडगी शेकून काढली. हा चुलतभाऊ साखर कारखान्यात कामाला, अंगाने दांडगा, बोलायला कमी. शुक्रवारी सकाळी आठ वाजता तो टोपली घेऊन मामांच्या दारात उभा. मी कामावर निघण्यापूर्वी तिथे चहाला गेलो होतो, म्हणून पुढचं मी स्वतः ऐकलं.

"दाजी, कोंबडा न्यायला आलोय."

मामांनी विचारलं, कसला कोंबडा.

"तांबडा. पाय मोडला त्याचा."

"अरे, तो देवाला बोललेला कोंबडा."

"देव कुठं गेला होता? मी गेलो होतो."

मामी चहा गाळता गाळता म्हणाल्या, "पाय मोडलेला नाही, नुसता सुजलाय. डॉक्टरच तसं म्हणाला. सुजलेल्याला कोंबडा बोलला नव्हता."

चुलतभाऊ रिकामी टोपली घेऊन, रागावून गेला. दुपारी शेजाऱ्याच्या तक्रारीवरून पोलिसांनी विचारल्यावर त्याने काहीही लपवलं नाही. तीस माणसांसमोर दाजींनी कोंबडा देऊ केला होता, म्हणून मारलं, असं त्याने सांगितलं.

त्याच दिवशी कचेरीत मी एका जुन्या कारकुनाला विचारलं, की कोंबडा बोलल्याने मामा अडकतात का. तो पूर्वी कोर्टात होता. त्याने समजावलं ते असं, की भेट देऊन, वचन देऊन किंवा धमकावून जो दुसऱ्याकडून गुन्हा करवतो, त्याला कायदा मारणाऱ्याच्याच रांगेत उभा करतो. मी विचारलं, कोंबडा ही भेट होते का? तो म्हणाला, तांबडा असेल तर नक्कीच. मला हसू आलं नाही. मामा त्रेसष्ट वर्षांचे होते आणि पेजेशिवाय सकाळ उगवते हे त्यांना माहीत नव्हतं. तुरुंगात पेज कोण देणार?

संध्याकाळी मामांच्या पडवीत सगळे जमले. दोन तासांत असं निघालं की सातव्या वाक्याच्या वेळी नऊ जणांना ठसका लागला होता, चार जण हात धुवायला गेले होते आणि बाकीच्यांना त्या दिवशी ऐकूच कमी येत होतं. "व्हय" म्हणाल्याचं फक्त मला आठवत होतं. मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, तूही जरा हात धुवायला जा. मी सांगितलं की मला खोटं जमत नाही, आणि विचारलं तर मी सगळी यादी देणार. मामींनी त्या रात्री मला जेवायला थांबवलं नाही.

शनिवारी नऊ वाजता आम्ही पोलीस ठाण्यात. सार्जंट त्रियोलेकडचा, खेड्यातला, नवस म्हणजे काय ते त्याला सांगावं लागलं नाही. मामांना तो आदराने "तोंतों", म्हणजे काका, म्हणत होता, आणि त्याने मामांची भीती वाढतच होती. बाकावर शेजारीही बसलेला, पाय लांब करून.

सार्जंटने मला हजर असलेल्यांची नावं विचारली. मी बसलेल्या क्रमाने सांगू लागलो. मामा माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांच्या घराची कौलं उतरवतोय. एकोणिसाव्या नावाला सार्जंटची पेन्सिल थांबली.

"हा तर इथं बसलाय तोच."

मी म्हणालो, हो, तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसरा.

"आणि सातव्या वाक्याला?"

"व्हय म्हणाला. सगळ्यांत मोठ्याने."

सार्जंट शेजाऱ्याकडे वळला. त्याने शांतपणे विचारलं, की गाऱ्हाण्यात नाव कोणाचंच नव्हतं, पाणी वळवणाऱ्याचा पाय तेवढा मागितला होता. तर पाणी वळवणारे तुम्हीच का? तसं असेल तर तोंतोंनी तुमच्याविरुद्ध चिथावलं, असं लिहितो.

शेजाऱ्याने पाय आखडता घेतला.

"मी कशाला पाणी वळवीन?" तो म्हणाला.

"मग ते वाक्य तुमच्याबद्दल नव्हतं."

"नव्हतं."

सार्जंटने ते लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि त्याची सही घेतली. मग मामांना म्हणाला की तुमच्या बोलण्याने काही झालेलं नाही, घरी जा. चुलतभावाला मात्र पुढे तीन आठवडे आत राहावं लागलं.

ठाण्यापासून घर दोन मैलांवर.

"काही झालेलं नाही म्हणाला," मैलभर चालल्यावर मामा म्हणाले.

"बरंच झालं की, मामा."

"बरं काय? तीस वर्षं गाऱ्हाणं घालतोय मी, पहिल्यांदा कुठं काही झालं."

आणखी थोडं चालल्यावर त्यांनी माझा दंड धरून मला थांबवलं. "तू मोजणारा माणूस. खरं सांग, सूज किती होती?"

"नडगीवर. दोन बोटं."

मामांनी आपली दोन बोटं जुळवून उन्हात धरली आणि नीट पाहिली.

"तेवढं माझं," ते म्हणाले. "पण सार्जंटला सांगू नकोस."