साडूभाऊंच्या हातचा नंदी

माझ्या बायकोच्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे साडूभाऊ, यांच्याइतका धास्तावलेला माणूस साऱ्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. देगलूरला ते ओतीव मूर्ती घासून, कोरून पुऱ्या करून देत. ओताऱ्याकडून आलेला खडबडीत गोळा त्यांच्या कानशीखालून देव होऊन बाहेर पडे. पण त्यांना जगातल्या प्रत्येक वस्तूत भेग दिसायची. पाण्याचा तांब्यासुद्धा ते आधी टिचकीने वाजवून बघत. माझ्या थोरलीच्या लग्नात व्याह्यांची चांदीची समई वाजवून भर मांडवात म्हणाले, "आतून पोकळ हाय." पुढचा तासभर मी व्याह्यांची समजूत घालत होतो.

निजामी अमलाच्या शेवटच्या दिवसांत देवणीकडच्या एका गावाने घरोघरची काशाची भांडी गोळा करून नंदी ओतून घेतला आणि पुरा करायला साडूभाऊंकडे धाडला. मिरवणुकीला तहसिलीतून एकाच दिवसाची इजाजत होती आणि तो दिवस तीन दिवसांवर आला होता. शाळा सुटल्यावर मी त्यांच्याकडे डोकावलो, तर साडूभाऊ नंदीच्या गालाला कान लावून बसलेले, चेहरा पांढराफटक.

"मास्तर, हे नीट वाजत न्हाई."

कानस फिरवली तसं डोळ्याखाली बोराएवढं भोक उघडं पडलं. त्यात धातूची खुंटी ठोकून बसवायची होती; घाव जरा जास्त बसला तर गालच तडकणार. "समद्या गावाच्या ताटवाट्या हायेत हो ह्याच्यात," ते पुटपुटले. सात वेळा हातोडी उचलली, सात वेळा खाली ठेवली. आठव्यांदा मला डोळे मिटायला लावून ठोकली. गाल शाबूत राहिला. पण खुंटीचा तुकडा काळपट निघाला. चिंचेने कितीही घासला तरी डाग हटेना.

नंदी पोचवायला त्यांनी मलाही ओढून नेलं. गाडीत एकच पालुपद, "मारतील का हो?" वेशीत म्हाताऱ्या पाटलांनी नंदीच्या तोंडावरून हात फिरवला. बोट डागावर थांबलं. साडूभाऊंनी माझं मनगट करकचून धरलं.

"कारागीर, आमच्या बैलाच्या तोंडावरबी असाच काळा डाग हाय. तुमाला कसं ठावं?"

नुसती मान डोलावली की सुटका होती. साडूभाऊ म्हणाले, "डाग न्हाई मालक, भोक होतं. बुजवलंय."

"बुजवलं न्हवं? मग झालं की!" म्हणत पाटलांनी हलगीवाल्यांना खूण केली.

साडूभाऊंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या दिवशी परतीच्या गाडीत ते माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपी गेले होते. खांदा भरून आला, पण देगलूर येईपर्यंत मी हललो नाही.