शेवटच्या महिन्याचे सर

त्या सकाळी मी काजूच्या डोंगरावर होते. इब्रामपूरला आमच्या घरामागची चढण सासऱ्यांनी लावलेल्या काजूंनी भरलेली आहे आणि एप्रिलात तिथं रोज जावंच लागतं. पडलेले बोंडू, म्हणजे काजूची फळं, वेचायचे, बी पिरगळून वेगळी करायची, ऊन चढायच्या आत खाली यायचं. घरात मोबाइलला रेंज नसते, डोंगरावर असते, म्हणून फोन कमरेला खोचलेला. बसूचा फोन आला. बसू म्हणजे बसवराज, मूळचा बेळगाव जिल्ह्यातला, डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामाला. आम्ही दोघं एकाच वर्षी ऑनलाइन बी.ए.ला नाव घातलेले विद्यार्थी. "ताई, सर गेले ओ," तो म्हणाला. मी विचारलं, "कुठं?" खरंच विचारलं. सर कधी कुठल्या बसने कोणाच्या गावी निघतील याचा नेम नसायचा... बसूच्या मागे यंत्रांचा आवाज चालू होता, आणि त्या आवाजातच मला कळलं.

विश्वनाथ फडते हे त्यांचं नाव, पण आम्हा सगळ्यांना ते नुसते सर. डिचोलीतल्या एका हायस्कुलात त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर तिथल्याच एका कॉलेजने ऑनलाइन पदवीचा वर्ग सुरू केला आणि विद्यार्थ्यांकडे लक्ष ठेवायला सरांना बोलावलं. त्यांच्या पदाला काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव होतं, ते त्यांनाही धड आठवत नसे. आमच्या वर्गात कारखान्यातले होते, दुकानातले होते, वाळपईच्या इस्पितळात रात्रपाळी करणाऱ्या मुली होत्या, आणि माझ्यासारख्या बारावीनंतर लग्न होऊन चुलीपाशी स्थिरावलेल्या बायका होत्या. तास मोबाइलवर बघायचे, गृहपाठ मोबाइलवरून पाठवायचा. जूनमध्ये सगळ्यांनाच हुरूप असतो. मग चवथ, म्हणजे गणपती, येते, शेतं कापायला होतात, माणसं एकेक करून गळायला लागतात. दुसऱ्या सत्राला तर शिगमा, काजू, लग्नं, गावची जत्रा आणि परीक्षा हे सगळं एकमेकांच्या पाठीवर बसून येतं. कॉलेजात सगळ्यांना वाटायचं की जो अभ्यास करत नाही त्याला रस नाही. सरांना तसं कधी वाटलं नाही. शेवटचा महिना लागला की ते लग्नामुंजींची आमंत्रणं बाजूला ठेवत आणि फोन घेऊन बसत.

मला त्यांचा पहिला फोन आला तो संध्याकाळी. माझे दोन गृहपाठ राहिले होते. धाकटा कडेवर, चुलीवर तवा, आणि घरात रेंज नाही म्हणून चूल मी मागच्या पडवीत मांडलेली, तिथं एका कोपऱ्यात आवाज येतो. मला वाटलं आता बोलणी बसणार. सर म्हणाले, "काय करतंस गो?" मी म्हटलं, भाकऱ्या करते. "फोन कानाक लावून भाकरी भाजूक येता?" येते म्हटलं. "मग भाज, आणि काल काय वाचलंस तां माका सांग." मी काही वाचलं नव्हतं. तसं सांगितल्यावर त्यांनी स्वतःच दीड पान वाचून दाखवलं आणि म्हणाले, आता हेच तू मला तुझ्या शब्दांत सांग. मी अडखळत सांगितलं. एक भाकरी करपली. "झाला," ते म्हणाले, "आता हांच लिहून काढ. तुझो अर्धो गृहपाठ झालो." इतकं सोपं काम मी महिनाभर डोंगरासारखं डोक्यावर घेऊन फिरत होते.

सगळेच असे सोपे नव्हते. बसूची पाळी दर आठवड्याला बदलायची, झोपेचं खोबरं झालेलं. दुसऱ्या वर्षी परीक्षा तोंडावर आली असताना गावाकडे त्याचे वडील वारले. तो गेला, आठ-दहा दिवसांनी परत आला आणि म्हणाला, आता बास. सर त्याच्या खोलीवर गेले, त्याला घेऊन चहाच्या गाड्यावर बसले, पण बसू हलला नाही. शेवटी म्हणाला, "सर, अभ्यासाचं विचारणार असला तर फोन करू नका बघा." सरांनी हे मला पुढे स्वतःच सांगितलं, आणि सांगताना त्यांचा चेहरा उतरला होता. तरी त्यांचे बसूला फोन चालूच राहिले. रविवारी सकाळी करायचे. आई कशी आहे, गावाकडे पाऊस झाला का, खोलीत आता कोण कोण राहतं... अभ्यासाचं एक अक्षर नाही. मला तेव्हा ते वेडेपणाचं वाटे. सोडून गेलेल्याच्या मागे एवढा वेळ कशाला घालवायचा?

मग माझी पाळी आली. शेवटचं सत्र, एप्रिलचा महिना, आणि सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. इस्पितळातून घरी आणलं तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही. त्यांना भरवणं, कुशीवर वळवणं, अंथरूण बदलणं, दोन मुलं, डोंगरावर पडलेले काजू. हे मोपाच्या विमानतळावर कामाला, सकाळी जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. मी सरांना फोन केला आणि सरळ सांगितलं, "सर, माझ्यान आता जमायचं नाय. सोडते मी." त्यांनी एवढंच विचारलं, "आई जेवतत?" पेज घेतात म्हटलं. "बरां," म्हणाले आणि फोन ठेवला. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. इतक्या लवकर त्यांनी सोडलं मला...

दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून ते आमच्या दारात उभे. हातात पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, ताजे पाव. दाराशी आमचा बसायचा दगडी सोपो आहे, त्यावर क्षणभर टेकले, पाणी प्यायले आणि उठून सासूबाईंच्या खाटेपाशी गेले. "ऐकूक येता मां तेंका?" येतं म्हटलं. "दिवसभर तेंच्यावांगडा कोण उलयता?" त्यांच्याशी मी दिवसभर बोलत होते, पण ते सगळं तोंड उघडा, वळा, गिळा, एवढंच. सरांनी माझं समाजशास्त्राचं पुस्तक मागितलं. नेमका धडा होता कुटुंबसंस्थेचा. स्टूल ओढून ते सासूबाईंच्या उशाशी बसले आणि वर्गात वाचतात तसं मोठ्याने वाचायला लागले. एकत्र कुटुंब म्हणजे काय, त्यात कोणाचं चालतं, सुनेचं स्थान कोणतं. सुनेच्या स्थानापाशी आले तेव्हा थांबले आणि म्हणाले, "काय आये, ह्यां बरोबर लिवलां काय?" सासूबाईंच्या तोंडाची डावी बाजू हलली. त्या हसल्या होत्या. झटक्यानंतर पहिल्यांदा. मी पेजेचं भांडं हातात घेऊन दारातच उभी राहिले. सर मला म्हणाले, "रोज तेंका एक धडो वाचून दाखय. तेंका सोबत, तुझो अभ्यास. जमला तर परीक्षेक ये. नाय जमला तर पुस्तक तरी वाचून होयत."

बसच्या थांब्यापर्यंत मी त्यांना सोडायला गेले. वाटेत त्यांनी एक गोष्ट सांगितली. डिचोलीतल्या खाणी बंद पडल्या त्या वर्षाची. रस्त्यावरून दिवसरात्र धावणारे खनिजाचे ट्रक घरोघरी अंगणात उभे राहिले होते. सरांच्या दहावीच्या वर्गात एक हुशार मुलगा होता. बापाचा ट्रक उभा राहिला तसा तो वर्गात यायचा बंद झाला, परीक्षेला महिना असताना. "मी वाट बघीत रवलंय गो," सर म्हणाले, "हुशार आसा, आपणहून येतलो म्हणून. तो येवक नाय." पुढे कित्येक वर्षांनी तो त्यांना डिचोलीच्या बाजारात दिसला, मोठा बाप्या झालेला, हातात पिशव्या. सरांना बघितल्यावर मान खाली घालून बाजूच्या दुकानात शिरला. "लाज वाटली त्याका. त्याका कित्याक लाज? चुकलंय तां मी." बस आली, ते चढले. त्यांनी वळून बघितलं नाही.

सासूबाईंना मी सगळे धडे वाचून दाखवले. पेपरांच्या दिवशी ह्यांनी रजा काढली. पावसाळ्यात निकाल लागून मी पास झाले तेव्हा सासूबाई नव्हत्या. पण त्या वर्षी आमच्या गावात समाजशास्त्राची त्यांच्याएवढी अभ्यासू दुसरी बाई नसेल, असं सर म्हणाले, आणि मी रडता रडता हसले.

गेल्या जूनमध्ये बसूने पुन्हा नाव घातलं. सरांनी त्याला सांगितलं नव्हतं, सुचवलंही नव्हतं. एका रविवारी तो आपणच म्हणाला, "सर, त्या कॉलेजचा फॉर्म कधी निघतोय ओ?" हे सांगायला सरांनी मला मुद्दाम फोन केला. त्यांचा आवाज इतका मोकळा मी त्याआधी ऐकला नव्हता.

आणि यंदा एप्रिलात, परीक्षा अगदी जवळ आली असताना, सर गेले. सकाळी पोदेराच्या सायकलचा हॉर्न ऐकून दार उघडलं, पाव घेतले आणि तिथंच पायरीवर बसले. काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, बाहेर आल्या तेव्हा ते भिंतीला टेकून होते. पुढे काही करायला उरलं नव्हतं.

मी आणि बसू तिसऱ्या दिवशी डिचोलीला त्यांच्या घरी गेलो. माणसं येत-जात होती. काकी चटईवर बसलेल्या, शेजारी सरांचा मोबाइल. तो मध्येच वाजला. काकींनी उचलला, ऐकलं, आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. वाळपईची एक मुलगी होती, इस्पितळात रात्रपाळीला असलेली. तिला कळलंच नव्हतं. "सर, माझा इतिहासाचा गृहपाठ साइटवर चढत नाही, शेवटची तारीख गेली का?" असं विचारत होती. मी तिला सांगितलं. ती रडायला लागली, मीही. मग मी विचारलं, "कुठला भाग राहिलाय?" काकींनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याने मला पुढचं सगळं करायचं बळ आलं, असं आज वाटतं.

आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी यंदा परीक्षेला बसणारी सरांची मुलं वाटून घेतली. कोणी पेडण्यातली घेतली, कोणी सत्तरीतली. बसू माझ्या वाट्याला आला, आणि तोच सगळ्यांत अवघड. पहिल्या फोनलाच म्हणाला, "ताई, मी परत सोडायलोय. सर न्हाईत तर कुणाला दाखवायचं?" मी समजावलं, रागावले, सरांची शपथ घातली. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही काय सर न्हाई." न्हाईच, म्हटलं. शेवटी तोच म्हणाला, "एक करा. विचारू नका काही. मी वाचतो, तुम्ही नुसतं ऐका." मग रोज मधल्या सुट्टीत तो कारखान्याच्या भिंतीआड बसून धडा वाचायचा आणि मी डोंगरावर बी वेगळी करत ऐकायचे. मराठी जोडाक्षरांवर तो अडायचा, कानडी हेल यायचा. काही धड्यांतलं मला आता आठवतही नव्हतं. मी मध्ये बोलले नाही.

सगळे आले नाहीत. पेडण्याची एक बाई आम्ही दोनदा घरी जाऊनही परीक्षेला बसली नाही. तिच्या नवऱ्याने आम्हाला अंगणातूनच परत पाठवलं. सरांनी तिसऱ्यांदा काय केलं असतं हे मला माहीत नाही, पण ते गेले असते एवढं माहीत आहे. मीही पावसाआधी एकदा जाणार आहे. बाकीचे बसले. बसूने सगळे पेपर दिले. शेवटच्या पेपरनंतर तो कॉलेजच्या फाटकाबाहेर एकटाच उभा राहिला होता, कोणाची तरी वाट बघितल्यासारखा, असं कोणीतरी सांगितलं.

परवा मी काकींकडे गेले होते. आता घरात माणसं नसतात. सरांच्या बसायच्या खोलीत मी पहिल्यांदाच गेले. रस्त्याकडे उघडणारं जनेल, त्यापुढे हाताची लाकडी कदेल, म्हणजे खुर्ची, शेजारी मेज. कदेलीचा डावा हात कोपर टेकून टेकून गुळगुळीत झालेला. काकी मला चहा देत होत्या तोच मेजावरचा मोबाइल वाजला. वाळपईचीच मुलगी. तिला आता सगळं ठाऊक होतं, तरी तिने त्याच नंबरवर फोन केला होता. "काकी, पेपर कसा गेला ते सांगायचं होतं..." काकींनी मोबाइलचा आवाज मोठा केला, तो मेजावर ठेवला आणि स्वतः स्टुलावर बसल्या. कदेल रिकामीच ठेवली. "सांग गो. सावकाश सांग." मुलगी पहिल्या प्रश्नापासून सांगत गेली. काकी चौथीपर्यंत शिकलेल्या, त्या इतिहासातलं त्यांना किती कळत होतं कोण जाणे, पण प्रत्येक उत्तराला त्या मान हलवून हूं म्हणत होत्या. एका प्रश्नापाशी मुलगी अडली. "तो माझा सुटला, काकी. वेळच पुरला नाही." काकींनी जनेलातून रस्त्याकडे बघितलं, पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, "आसूं दी. फुडें सांग."